हनुवटी छातीला

जिंतूर रोडच्या बंद पडलेल्या जिनिंगमध्ये
संध्याकाळी सहा ते सात ज्युदो.
ताडपत्रीखाली जुन्या गाद्या, गाद्यांखाली भुस्सा,
वर पत्र्याच्या आढ्याला अजून चिकटलेला
कुठल्याशा हंगामातला कापूस.
खाली कुणी जोरात आदळलं
की त्यातलं एखादं बोंडुक सुटतं
आणि सावकाश, सावकाश उतरतं.
त्याला शिकवावं लागलेलं नाही.

वर्गात बावीस पोरं आणि मी.
वय त्रेचाळीस,
बियाणे तपासणी प्रयोगशाळेत सहायक,
डाव्या मनगटात नांदेडच्या डॉक्टरनं बसवलेली पट्टी,
चार स्क्रू.
स्कुटी घसरली तेव्हा हात पुढं केला होता.
सगळेच करतात.

वाव्हळ मॅडम तेवीस वर्षांच्या.
पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
फेकायचं नंतर. दोन महिने नुसतं पडायचं.
पोरं हिरमुसली.
मला वाटलं, हे तर येतं आपल्याला.

येत नव्हतं.
उकिडवं बसून मागं लवंडायचं, एवढंच.
हनुवटी छातीला, पाठ घमेल्यासारखी गोल,
नजर बेल्टच्या गाठीवर,
आणि पाठ टेकता टेकता
दोन्ही हात सपाट आपटायचे.
आवाज आला पाहिजे.
माझा यायचा, पण पोतं टाकल्याचा.
"हात कामून मागं टेकवायलीस, काकू?"
अलमास विचारायची. अकरा वर्षं, तीस किलो,
माझी जोडीदार.
"जमिनीला धरायचं नसतंय. मारायचं असतंय."

रात्री मान अवघडायची.
मग अंधारात मोजत बसायचे
आजवरचं पडणं:
पाया पडले, सासरी, सांगितलेल्या क्रमानं.
आजारी पडले, सुट्टी शिल्लक बघून.
कमी पडले. हे बरेचदा.
आणि दर वेळी मान ताठ,
दर वेळी हात पुढं.
आई म्हणायची, जपून.
बस, तेवढंच म्हणायची.
जपूनही पडलीसच तर काय,
ते तिलाही कुणी सांगितलं नसणार.

एप्रिलात पत्रा तापला. ताडपत्री पायाला चिकटायची.
मॅडमनी माझी कॉलर धरली,
म्हणाल्या, ताई, श्वास सोडा,
आत धरून ठेवलेला श्वासच मोडतो माणसाला,
आणि पाय काढून घेतला माझ्याखालून.
असं रोज तीस वेळा.
कधीतरी मी मोजायची विसरले.
याला आपल्याकडं अंगवळणी पडणं म्हणतात,
हे मला बसस्टँडवर उसाचा रस पिताना सुचलं
आणि एकटीच हसले.

मंगळवारी प्रयोगशाळेत
वरच्या फळीवरचा ज्वारीचा नमुना काढताना
स्टुलाचा पाय सरकला.
खाली गादी नाही. शहाबादी फरशी.
मी काही ठरवलं नाही.
पंखा वर गेला
आणि माझी नजर पोटावर,
जिथं गाठ असायला हवी
तिथं साडीच्या निऱ्या होत्या.
मग निऱ्यांकडंच बघितलं.

फटाक्.

शेजारच्या खोलीतून कच्छवे धावत आले,
अर्धा चहा शर्टावर.
काय फुटलं? म्हणाले.
काही नाही, म्हटलं, आडव्या आडव्याच.
तळहात लालभडक. स्क्रू जागेवर.
ज्वारी खोलीभर.
दाणा पडल्याशिवाय उगवत नाही बघा मॅडम, असं काहीतरी
कच्छवे म्हणाले. ते कविता करतात.
मी एकोणीस वर्षं उगवण मोजते.
फरशीवर काही उगवत नाही.
शंभरातले सत्त्याण्णव दाणे वेचले,
तीन कपाटाखाली गेले, तशी नोंद केली.

संध्याकाळी अलमासला सांगितलं.
लागलं का, तिनं विचारलं नाही.
बेल्टची गाठ दातांनी ओढत म्हणाली,
आवाज आला का?

आला.

बरं, म्हणाली. आता डाव्या बाजूनं.